वणवा ओळखणारे नियम

१५ फेब्रुवारी ते १५ जून हे चार महिने वन खात्याच्या दप्तरी वणव्याचा हंगाम. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात तोवर साग, ऐन, मोह, तेंदू यांची पानगळ झालेली असते, बांबूच्या रांजीखाली पाचोळ्याचा थर साचलेला असतो आणि मे उजाडला की चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणून कुणी काडी लावतं. कधी वाटसरूची विडी पुरते. वारा असला तर झाडाखालची ही आग नाला ओलांडून दुसऱ्या बीटात, म्हणजे दुसऱ्या वनरक्षकाच्या हद्दीत जाते, आणि ती विझवायला पाठीवर ब्लोअर घेतलेले चार-पाच फायर वॉचर आणि एक वनरक्षक एवढंच बळ हाताशी असतं.

या आगींवर आकाशातून नजर असते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या नोंदींवरून राज्यांना वणव्याच्या सूचना देत आली आहे. सुरुवातीला ‘मोडिस’ या संवेदकाच्या नोंदी होत्या. त्यात जमिनीचा एक चौकोन साधारण एक किलोमीटरचा असे. २०१७ पासून सुओमी एनपीपी उपग्रहावरच्या ‘व्हिअर्स’ संवेदकाच्या नोंदी मिळू लागल्या आणि चौकोन ३७५ मीटरवर आला. हा उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास आपल्यावरून जातो. भोवतालपेक्षा फार तापलेला चौकोन दिसला की अक्षांश, रेखांश, वेळ आणि खात्रीची पातळी अशी एक ओळ तयार होते. ती ओळ जंगलाच्या नकाशावर ठेवतात, कुठल्या बीटात पडते ते पाहतात आणि संबंधितांच्या मोबाइलवर संदेश जातो.

त्या ओळीचा अर्थ एवढाच, की अमुक वेळी अमुक जागा फार तापलेली होती. तो वणवा असेल. जंगलाला लागून असलेल्या शेतात कुणी धुरा जाळत असेल. वन खात्यानेच जाळरेषेचं, म्हणजे वणवा अडवायला आधीच पट्टा जाळून ठेवण्याचं, काम काढलेलं असेल. आणि चंद्रपूर जिल्ह्यात तर औष्णिक वीज केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत, घुग्घुसला स्पंज आयर्नचा कारखाना आहे. तापलेल्या जागांची इथे वानवा नाही. माणसं धाडायची की नाही, याचं उत्तर एका ओळीत सापडत नाही. ते आधीच्या ओळींत, शेजारच्या ओळींत आणि कधी कधी न आलेल्या ओळीत असतं.

संगणकशास्त्रात या कामाला कॉम्प्लेक्स इव्हेंट प्रोसेसिंग म्हणतात, थोडक्यात सीईपी. नाव भारदस्त आहे, पण काम आपल्या ओळखीचं आहे. साध्या घटनांच्या ओघातून, त्यांच्या वेळा, जागा आणि परस्परसंबंध तपासून, एक मोठी अर्थपूर्ण घटना ओळखायची. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डेव्हिड लकहॅम यांनी २००२ मध्ये ‘द पॉवर ऑफ इव्हेंट्स’ हे पुस्तक लिहून या विषयाला चौकट दिली. शेअर बाजार, बँकेतले संशयास्पद व्यवहार, दूरध्वनीची जाळी अशा ठिकाणी तो आधी रुजला. आपल्याकडे त्याचं सरळ उदाहरण वन सर्वेक्षण संस्थेनेच घालून दिलं आहे. जानेवारी २०१९ पासून ती मोठ्या वणव्यांचा वेगळा माग ठेवते. नकाशावर एकमेकांना लागून असलेले तापलेल्या जागांचे ठिपके एकत्र धरले जातात, त्यांची मिळून एक आग मानली जाते आणि उपग्रहाच्या पुढच्या फेरीत ती पसरली की विझली हे पाहिलं जातं. ठिपका ही साधी घटना, आणि ‘मोठा वणवा, अजून पेटलेला’ ही त्यातून घडवलेली घटना.

ही घडण प्रोग्रॅमच्या पोटात ‘जर-तर’च्या भेंडोळ्यात लिहिता येते. पण नियम वाढले, एकमेकांत गुंतले, की ते भेंडोळं लिहिणाऱ्यालाही वाचता येत नाही. म्हणून नियम-इंजिन, म्हणजे रूल्स इंजिन. त्यात प्रत्येक नियम स्वतंत्र लिहायचा: वर ‘जेव्हा’, खाली ‘तेव्हा’. कुठला नियम कधी तपासायचा ती काळजी इंजिनाची. ही काळजी इंजिन कसं वाहतं, हे कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या चार्ल्स फोर्गी यांनी सत्तरच्या दशकात शोधलेल्या ‘रेटे’ या पद्धतीमुळे कळतं. समजा एका नियमात तीन अटी आहेत आणि दोन पूर्ण झाल्या. इंजिन ही अर्धवट जुळणी फेकून देत नाही, सांभाळून ठेवतं. नवी नोंद आली की सगळे नियम पहिल्यापासून तपासत बसत नाही, त्या नोंदीने कुठली अर्धवट जुळणी पुरी होते तेवढंच पाहतं. डेटाबेसमध्ये माहिती बसून असते आणि प्रश्न येतात-जातात. इथे नियम बसून असतात आणि माहिती त्यांच्यातून वाहत जाते.

शिकायला सुरुवात करणाऱ्यासाठी ‘ड्रूल्स’ हे इंजिन चांगलं आहे. जावा भाषेतलं, खुल्या परवान्याचं, मोफत. बॉब मॅकव्हर्टर यांनी २००१ मध्ये त्याची सुरुवात केली आणि २००९ च्या पाचव्या आवृत्तीत ‘ड्रूल्स फ्यूजन’ या नावाने घटनांची हाताळणी त्यात आली. पुढे जे सांगतो ते बहुतेक कुठल्याही सीईपी इंजिनाला लागू आहे, नावं तेवढी ड्रूल्सची. नियमांतले मिनिटांचे आणि मीटरचे आकडे मात्र मी उदाहरणासाठी घेतले आहेत, ते वन खात्याचे नव्हेत.

पहिलं काम म्हणजे स्थिर माहिती आणि घटना यांची फारकत. बीटाची हद्द, वनरक्षकाचा मोबाइल, वीज केंद्राची जागा ही स्थिर माहिती. ती बदलली तर आपण दुरुस्त करतो. घटना दुरुस्त होत नाही. ती एका क्षणी घडली आणि घडलीच. म्हणून ड्रूल्समध्ये घटनेवर ‘ही घटना आहे’ अशी खूण करावी लागते आणि तिची वेळ कुठल्या रकान्यात आहे ते सांगावं लागतं. काही घटना क्षणाच्या असतात, जसा उपग्रहाचा ठिपका. काहींना लांबी असते, जसं सकाळी ७ ते ११ चाललेलं जाळरेषेचं काम. अशांना वेळेबरोबर कालावधीही द्यायचा.

वेळेचा रकाना म्हटला की सोपं वाटतं, आणि नेमके तिथेच बहुतेकांचे पाय अडकतात. नासाच्या ‘फर्म्स’ या संकेतस्थळावर व्हिअर्सच्या जुन्या नोंदी कुणालाही मिळतात, पण त्यातली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. दुपारी दीडची नोंद तिथे सकाळी ८ ची दिसते. रात्रीची तर तारीखच बदलते. १० मार्चच्या पहाटे दीडला एटापल्लीच्या जंगलात दिसलेली आग त्या तक्त्यात ९ मार्च, रात्री ८ अशी लिहिलेली असते. जाळरेषेची नोंद आपल्या वेळेत आणि ठिपका जागतिक वेळेत, असं झालं तर प्रत्येक नियम साडेपाच तासांनी चुकेल आणि चूक कुठे आहे हे सहज सापडणारही नाही.

दुसरी वेळ असते ती खबर पोचण्याची. उपग्रहाने पाहिलं दीडला, नोंद आपल्या हाती आली त्यानंतर केव्हातरी. नियम लिहिताना घडल्याची वेळ धरायची, पोचल्याची नव्हे. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या तालुक्यांत हा फरक फार जाणवतो. जंगलात रेंज नसते. व्याघ्र प्रकल्पांत गस्तीसाठी ‘एम-स्ट्राइप्स’ हे मोबाइल ॲप वापरतात. त्यात वनरक्षक जागेवर नोंद करतो आणि नेटवर्क मिळालं की ती वर जाते. सकाळी ९ ची नोंद संध्याकाळी ६ ला येऊ शकते, आणि तोवर दुपारच्या नोंदी आधीच येऊन बसलेल्या असतात. ड्रूल्सच्या प्रवाह-पद्धतीत, म्हणजे ‘स्ट्रीम मोड’मध्ये, एका प्रवाहातल्या घटना वेळेच्या क्रमाने याव्यात अशी अपेक्षा असते. म्हणून उपग्रह आणि मोबाइल यांच्यासाठी वेगळाली दारं ठेवायची. ड्रूल्स त्यांना ‘एन्ट्री पॉइंट’ म्हणतं. आणि मोबाइलच्या दाराशी नोंदी क्रमाने लावून मगच आत सोडायच्या. हे कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून पुढे गेलेली व्यवस्था पहिल्याच हंगामात विश्वास गमावते.

आता वेळेचे संबंध. दोन कालावधींमध्ये किती प्रकारचे संबंध असू शकतात? जेम्स ॲलन यांनी १९८३ मध्ये मोजून दाखवलं की ते १३ आहेत: एक दुसऱ्याच्या आधी, नंतर, आत, एकाच वेळी सुरू, एक संपताच दुसरा सुरू, अर्धवट एकमेकांवर, वगैरे. ड्रूल्समध्ये हे सगळे संबंध शब्दांत लिहिता येतात. जाळरेषेचं उदाहरण घ्या. हंगाम सुरू होण्याआधी वन खातं ठरलेल्या पट्ट्यांतला पाला साफ करून जाळतं, म्हणजे पुढे वणवा आला तर तिथे त्याला खायला काही मिळत नाही. उपग्रहाला तीही आगच दिसते. नियम असा: जेव्हा ठिपका एखाद्या बीटात पडेल, आणि त्याच बीटात जाळरेषेचं काम नोंदलेलं असेल, आणि ठिपक्याची वेळ त्या कामाच्या ‘आत’ असेल, तेव्हा त्यावर ‘नियोजित’ असा शिक्का मारा आणि माणसं धाडू नका. पण काम संपल्यावर दोन-तीन तासांनी त्याच जागी ठिपका दिसला, तर ‘नंतर’चा नियम लागू होतो. जाळरेषेची आग हाताबाहेर गेली असण्याची ती खूण आहे, आणि तिची खबर लगेच जायला हवी. जागा तीच, बीट तेच. अर्थ उलटा झाला तो फक्त वेळेच्या संबंधामुळे.

‘नंतर’ या संबंधाला किमान आणि कमाल मुदत देता येते. पूर्व विदर्भाला ती मुदत नदीने शिकवली आहे. गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगेचं पाणी काही तासांनी देसाईगंज, आरमोरीकडे पोचतं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीला पाऊस थांबलेला असतानाही वरून सोडलेल्या पाण्याने या पट्ट्यात मोठा पूर आला. वरची घटना, तासांचं अंतर, मग खालची घटना, हा आराखडा सीईपीच्या नियमात जसाच्या तसा बसतो. विषय वेगळा आहे, म्हणून इथे एवढंच.

सगळ्यात कसदार नियम असतात ते न घडलेल्या गोष्टीचे. जेव्हा वणव्याची सूचना गेली, आणि त्यानंतर ६० मिनिटांत त्या बीटाकडून ‘पोचलो’ असा निरोप आला नाही, तेव्हा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवा. माणूस निरोप देतो तेव्हा सगळं ठीक असतं. काळजी असते ती शांततेची. पण शांतता ही काही नोंद म्हणून येत नाही. ६० मिनिटं संपली हे इंजिनाला कळणार कसं? साधं नियम-इंजिन नवी माहिती आली तरच हलतं. इथे इंजिनाजवळ स्वतःचं घड्याळ हवं आणि वेळ सरल्यावर आपण होऊन नियम चालवण्याची सोय हवी. ड्रूल्समध्ये ती प्रवाह-पद्धतीत आहे. मूळच्या पद्धतीला, ‘क्लाउड मोड’ला, ‘आत्ता’ म्हणजे काय ते ठाऊकच नसतं. पुष्कळ नवशिके ‘न आलेल्या निरोपा’चा नियम लिहितात, इंजिन मूळ पद्धतीत ठेवतात आणि मग नियम हवा तसा का वागत नाही म्हणून डोकं धरून बसतात. आणि भामरागडसारख्या भागासाठी हा नियम लिहिताना एक शहाणपण लागतं. तिथली शांतता म्हणजे हलगर्जी नव्हे, बहुधा रेंज नसते. तिथला निरोप वायरलेसवरून नियंत्रण कक्षात यावा आणि कक्षातल्या माणसाने वेळेसह नोंदवावा, अशी वाट नियमाबरोबरच आखून द्यायला हवी. नाहीतर यंत्र दररोज कुणा प्रामाणिक वनरक्षकाची तक्रार वर करत राहील.

आता चंद्रपूरच्या बाजूला, वाघाकडे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात, मोहर्ली परिसरात सीतारामपेठ नावाचं गाव आहे. तिथे जंगलाच्या कडेला कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे बसवून वाघ गावाकडे येताना दिसला की सावध करणारी व्यवस्था उभारण्यात आली. वर्तमानपत्रांनी तिला ‘आभासी भिंत’ म्हटलं. कल्पना मोलाची आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा जिल्ह्यात वेळेवर वाजलेल्या भोंग्याची किंमत कुणाला सांगायला नको.

पण चित्रात वाघ ओळखणं आणि भोंगा वाजवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाघ कॅमेऱ्यासमोर वीस मिनिटं बसून राहिला तर चित्रं शेकड्यांनी येतील. प्रत्येक चित्राला भोंगा वाजला तर आठवड्याभरात गावकरी त्याकडे लक्ष द्यायचं सोडतील, आणि न ऐकला जाणारा भोंगा नसण्यापेक्षा वाईट. इथे सरकत्या खिडकीचा उपयोग होतो. ‘गेल्या १५ मिनिटांत याच कॅमेऱ्यावरून सूचना गेलेली असेल तर पुन्हा नको’ ही वेळेची खिडकी. ‘शेवटच्या १० नोंदींपैकी ८ मध्ये वाघ असेल तरच धरा’ ही नोंदींच्या संख्येची खिडकी. दुसरीत एक फसगत आहे. जिथे जनावरं क्वचित फिरकतात तिथे शेवटच्या १० नोंदी महिनाभराच्या असू शकतात आणि इंजिन त्या एकाच घटनेसारख्या धरतं. शंका असेल तिथे वेळेची खिडकी घ्यावी, असं माझं मत आहे. त्याहून उपयोगी नियम दिशेचा आहे. जेव्हा जंगलाकडच्या कॅमेऱ्यात वाघ दिसला, आणि त्यानंतर १० मिनिटांच्या आत गावाकडच्या कॅमेऱ्यात दिसला, तेव्हा भोंगा. उलट क्रमाने दिसला तर वाघ परत निघाला आहे. तेव्हा वनरक्षकाला संदेश पुरे, गाव जागवायची गरज नाही.

माझा आग्रह याच जागी आहे. वाघ ओळखण्याचं काम कृत्रिम बुद्धिमत्तेने करावं, त्यात ती तरबेज आहे. भोंगा केव्हा वाजवायचा, माणसं केव्हा धाडायची हा निर्णय मात्र वाचता येईल अशा नियमात लिहिलेला असावा. ग्रामसभेत उद्या कुणी विचारलं, की त्या रात्री भोंगा का वाजला नाही, तर उत्तर एका कागदावर, मराठीत, चार ओळींत दाखवता आलं पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यातल्या लेखा-मेंढा गावाने २००९ मध्ये देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क मिळवले, ते जंगलाचे निर्णय आपल्या समजुतीत आणून. अशा जिल्ह्यात गावाला न उमगणारं यंत्र टिकणार नाही, आणि टिकूही नये. नियम वाचता आला तर मोह वेचणारी बाई सांगेल की आमच्या टोल्यावर पहाटे चारपासून माणसं मोहाखाली असतात, तुमचा पहाटेचा नियम वेगळा हवा. ही माहिती कुठल्याही उपग्रहाकडे नाही.

आता इंजिनाच्या स्मरणशक्तीचा प्रश्न, थोडक्यात. घटना येत राहतात, त्या सगळ्या साठवल्या तर संगणक भरून जाईल. काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते इंजिन नियमांकडे पाहून स्वतःच ठरवतं. सगळ्यात लांबचा नियम १२ तास मागे पाहत असेल तर त्याहून जुनी घटना कुठल्याच नियमाला लागणार नाही, ती काढून टाकता येते. म्हणून प्रत्येक नियमाला काळाची मर्यादा घालायची सवय लावावी. मर्यादा नसलेला एक नियम सगळा हंगाम डोक्यावर वाहायला लावतो.

मग सुरुवात कुठून करायची? खऱ्या भोंग्यापासून नक्कीच नाही. ड्रूल्समध्ये खऱ्या घड्याळाऐवजी ‘स्यूडो क्लॉक’, म्हणजे आपण फिरवू तसं फिरणारं खोटं घड्याळ लावता येतं. मागच्या हंगामाच्या नोंदी घ्याव्यात, घड्याळ १५ फेब्रुवारीवर ठेवावं आणि एकेक नोंद आत सोडत पुढे न्यावं. चार महिन्यांचा हंगाम काही मिनिटांत डोळ्यांसमोरून जातो. ‘६० मिनिटांत निरोप नाही’ हा नियम तपासायला तासभर थांबावं लागत नाही, घड्याळ ६१ मिनिटं पुढे ढकललं की कळतं. कुठला नियम खोटी हाक देतो, वीज केंद्राच्या कायम तापलेल्या जागा गाळल्या गेल्या की नाही, शेजारचे ठिपके एकत्र येतात की नाही, हे सगळं कुणाला त्रास न देता पाहता येतं. शेजार ठरवताना एवढं लक्षात असू द्या, की ३७५ मीटर हा आकडा उपग्रहाच्या थेट खालच्या जमिनीचा आहे. कडेच्या भागात चौकोन मोठा होतो, म्हणून अंतराची अट थोडी सैल ठेवावी. आणि अंतर मोजणं इंजिनाला येत नाही, ते छोटं सूत्र आपण लिहून द्यायचं.

गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ, चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, आणि या दोन जिल्ह्यांतली इतर महाविद्यालयं यांतल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी दुकानाचा हिशेब किंवा ग्रंथालयाची नोंदवही पुन्हा करू नका. फर्म्सवरून आपल्या जिल्ह्याच्या एका हंगामाच्या नोंदी उतरवून घ्या, तीनच नियम लिहा: शेजारचे ठिपके एकत्र करण्याचा, जाळरेषेचा आणि न आलेल्या निरोपाचा. खोट्या घड्याळावर ते चालवा, आणि जे निघेल ते घेऊन जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. पुढचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. त्याआधी हे काम होण्यासारखं आहे.